बेटाला एक फेरा

झाडाखाली मोहाची फुलं पडायला लागली की बाईचा फोन येतो. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणायची पद्धत. ती मुलचेऱ्याच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत, दोन नाल्यांच्या मधल्या गावात एकटी राहते. मी राजुऱ्याच्या शाळेत मराठी शिकवते. 'कशी आहेस, काय चाललंय' ही तिच्या मते रिकामटेकड्यांची भाषा. "पडून राह्यला," एवढंच म्हणते आणि फोन ठेवते. मी शाळेत रजेचा अर्ज टाकते, त्यात कारण काहीतरी भलतंच लिहिते आणि निघते.

यंदाही निघाले. राजुऱ्यात या दिवसांत दोरीवर टाकलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतं, इतकी कोळशाची धूळ. आष्टीचा पूल मागे पडला की हवा बदलते. झाडं दाट होतात आणि एसटीच्या खिडकीतून तो वास आत शिरतो. गोड, थोडा आंबूस, नाकात ठाण मांडून बसणारा. काहींचं त्यानं डोकं धरतं, काहींना त्यातून पुढे निघणारी दारू आठवते. मला हल्ली विमानतळ आठवतो. मोहाच्या वासानं विमानतळ आठवणारी साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात मी एकटीच असेन, आणि तो विमानतळ मी पाहिलेलाही नाही.

काही वर्षांपूर्वीचे, मोह पडायच्या जरा आधीचे दिवस. बाई डोळे दाखवायला माझ्याकडे राजुऱ्याला आली होती. डोळ्यांत औषध घालून तिला बसवून ठेवलं होतं, आणि 'पाहू नको' सांगितलेली प्रत्येक गोष्ट ती पाहत होती. टीव्हीवर कुठल्याशा दूरच्या बेटांचा कार्यक्रम लागला होता. कॅरिबियन समुद्रातली बेटं. वरून, विमानातून घेतलेलं चित्र. निळ्या पाण्यात हिरवा ठिपका, त्याला पांढऱ्या वाळूचा काठ. मग कॅमेरा खाली आला. वाळूत खुर्च्या टाकून माणसं आडवी झाली होती आणि हसत होती.

"हा पूर नोहे का?" बाईनं विचारलं.

"समुद्र आहे, बाई. ते बेट आहे."

"म्हणजे चारी बाजूनं पाणीच?"

"हो, चारी बाजूनं."

पदरानं डोळ्यांतलं औषध पुसून टाकत ती म्हणाली, "अन् लोक हासून राह्यले?"

माझे यजमान पेपर वाचत होते. ते म्हणाले, "बाई, सुट्टी काढून जातात लोक तिथं. मुद्दाम." बाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले.

तिचा प्रश्न साधा नव्हता, हे मला आणि यजमानांनाही ठाऊक होतं. बाईच्या गावालाही चारी बाजूंनी पाणी होतं. पण ते भादव्यात होतं, आणि तेव्हा कोणी हसत नाही. दोन्ही नाले एकदम भरतात, मधल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, तळ्यासारख्या होतात, आणि गाव तेवढं वर राहतं. आधीच्या एका भादव्यात भाऊजींच्या छातीत कळ आली. बाईचा फोन लागला तो नशिबानंच. मी ओळखीच्या माणसाची जीप घेऊन निघाले आणि नाल्याच्या काठाला येऊन थांबले, कारण पुढे रस्ता नव्हता, पाणी होतं. पलीकडच्या काठाला गावच्या माणसांनी भाऊजींना बाजेवर आणलं होतं. बाई पदर हलवून मला काहीतरी सांगत होती. पाण्याचा आवाज इतका की तिचं मला ऐकू येईना आणि माझं तिला. जीप माझ्याजवळ होती, माणूस तिच्याजवळ होता, आणि मधला नाला काही केल्या ओसरत नव्हता. दुपार कलल्यावर कधीतरी बाईनं पदर हलवायचं थांबवलं. माझ्या लक्षात आलं. जीपवाल्याच्याही लक्षात आलं असावं, त्यानं इंजिन बंद केलं.

त्यानंतर बाई रडली, कामाला लागली, पोरीचं लग्न करून तिला सिरोंच्याकडे दिली, शेती एकटीनं केली. त्या दिवसाबद्दल मात्र आम्ही दोघी एक शब्द बोललो नव्हतो. म्हणून टीव्हीवरची ती खुर्चीतली माणसं पाहून ती जेव्हा म्हणाली, "मले हे पाहाचं हाये. चारी बाजूनं पाणी असून माणूस हासते कसा, ते मले डोयानं पाहाचं हाये," तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही. मला म्हणायचंही नव्हतं.

लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. शाळेतल्या शिक्षिका म्हणाल्या, समुद्रच पाहायचा तर मुंबईचा काय वाईट आहे? मी ते बाईच्या कानावर घातलं. "मुंबई बेट हाये का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, होतं एके काळी. "मंग बुजवून टाकलं असंन," ती म्हणाली, आणि मुंबई निकालात निघाली. गोवा तर तिनं ऐकूनही घेतला नाही. तिला फेरा मारता येईल असं बेट हवं होतं. सुरुवात केली तिथंच परत पोचता आलं पाहिजे, मधे कुठे नाला आडवा येता कामा नये. चंद्रपूरच्या एजंटानं असं एक छोटं बेट शोधून काढलं आणि फोटो दाखवून सांगितलं, "मावशी, नाश्ता करून निघालात तर पायी फेरा मारून जेवायच्या आत परत." बाईनं त्याला तीनतीनदा हेच वाक्य म्हणायला लावलं. पैसे मी आणि यजमानांनी बाजूला ठेवलेले होते. त्या पैशांचं पुढे काय झालं हे मी इथं सांगणार नाही, सांगण्यासारखं नाही.

अडलं ते महिन्यावर. माझी सुट्टी मे महिन्यात, आणि मे म्हणजे तेंदूपत्ता, विडीच्या पानांची तोडणी. बुद्धपौर्णिमेलासुद्धा बाई वंदना आटोपून पुन्हा पानांचे पुडके बांधायला बसते. मे नको तर त्याच्या आधी? त्याच्या आधी मोह. मोह सोडायचा तर प्रश्नच नव्हता. त्या गावात मोहाची झाडं घराघराची ठरलेली आहेत. झाड जंगलात असलं तरी ते अमक्याचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण रीत अशी की ज्याचं झाड त्यानं वेचलं पाहिजे. एक हंगाम तुम्ही झाडाखाली दिसला नाहीत की पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी टोपली घेऊन उभं राहतं, आणि त्याला कोणी वाईट म्हणत नाही. बाईचं झाड भाऊजींच्या आजानं राखलेलं. मोहानंतर तेंदू, तेंदूनंतर टोळी म्हणजे मोहाच्या बिया, मग पऱ्हे म्हणजे धानाची रोपं टाकणं, मग रोवणा म्हणजे त्यांची लावणी. दिवाळीच्या पुढेमागे कापणी, मग चुरणी, मग बांधीतली लाखोळीची डाळ, आणि लाखोळी घरात येते न येते तोच पुन्हा मोह.

"मंग भादव्यात जाऊ," बाई म्हणाली. "रोवणा झाला का माणूस मोकळा. अन् भादव्यात मले गावात राहाचंच नाई."

हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मी मान वर करून पाहिलंच नाही. मी रजा काढायचं ठरवलं. एजंटाला महिना सांगितला तर तो खूश झाला. म्हणाला, त्या महिन्यात तिकडे गर्दी नसते, सगळं स्वस्तात पडतं. आम्हीही खूश झालो. गर्दी नसते म्हणजे लोक आपापल्या कामात असतील, असं आम्ही धरून चाललो. ज्या महिन्यात आम्ही मोकळे, तो महिना साऱ्या जगाला मोकळा आणि चांगलाच असणार. समुद्राचाही एखादा रोवणा असेल, त्याचीही कामाची वेळ असेल, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग तयारीचा हंगाम सुरू झाला. आज वाटतं, खरी सहल तीच होती. पासपोर्टच्या चौकशीसाठी बाईच्या गावात पोलीस आला. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात गावात पोलीस येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्यानं बाईचं घर विचारलं आणि अर्धा गाव त्याच्या मागोमाग चालत आला. पोलीस बिचारा तरुण होता. त्यानं अंगणात बसून चहा घेतला आणि विचारलं, "बाई, बाहेरदेशी कायले जाता?"

"फिराले."

"फिराले?"

"बेटाले फेरा मारून येतो."

कुंपणाशी उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग सगळेच हसले. त्या दिवसापासून गावात बाईला विचारायची रीतच पडली, "कवा चालली बेटाले?" शेजारच्या बंगाली वस्तीतल्या एका बाईनं तिला प्रवासासाठी खांद्याला लावायची पिशवी शिवून दिली, वर जरीची नक्षी काढून. रोवण्याच्या चिखलात वाकलेल्या बायका तिला म्हणायच्या, आमच्यासाठी थोडी वाळू आण. ती म्हणायची, आणतो, पण पिशवी भरून मागू नका.

टोपी आम्ही चंद्रपूरच्या गोलबाजारात घेतली. गवताची, रुंद काठाची, निळी फीत लावलेली. दुकानदारानं आरसा पुढे धरला, आणि बाईनं आरशात न पाहता माझ्याकडे पाहिलं. "कशी दिसतो?" तिनं विचारलं. भाऊजी गेल्यानंतर 'कशी दिसतो' हे तिनं मला पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, मडमीण दिसतेस. ती बाजारभर टोपी घालूनच फिरली. राजुऱ्याच्या घरी येऊन तिनं आमच्या आरामखुर्चीत पडून पाहायचा सराव केला. जरा वेळानं उठून बसली.

"तिथी दिवसभर काय करतेत?"

"असेच पडून राहतात."

"बिमार असतेत का?"

"नाही गं, आराम करतात."

तिनं पुन्हा अंग टाकलं, छताकडे पाहिलं, आणि मग हळूच हात लांब करून टेबलावरच्या शेंगा सोलायला घेतल्या. "आराम शिकावा लागन," ती म्हणाली.

मला ती माझ्या आयुष्यात इतकी हलकी कधी दिसली नव्हती. आमची माय लवकर गेली, तेव्हा बाईच माझी माय झाली. तिची शाळा सुटली म्हणून माझी राहिली. ती कायम काहीतरी उचलून चालणारी. त्या पावसाळ्यात मात्र फोन उचलून ती स्वतः विचारायची, तिथली वाळू गरम असते का, समुद्राचं पाणी खारट असून मासोळी गोडी कशी, फेरा मारताना पाणी डाव्या हाताला ठेवायचं की उजव्या. मी म्हणायचे, तू म्हणशील तसं. "मंग उजव्या," ती म्हणायची, "अन् तू माह्या डाव्या."

भादवा लागला. बॅगा भरून झाल्या होत्या. बाई निघायच्या आधी शेवटचं धानाला पाणी पाहून येते म्हणून गावी गेली होती. एका सकाळी यजमानांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. बातमीत तीच बेटं होती. वरून घेतलेलं तसंच चित्र, फक्त निळं काही उरलं नव्हतं. वादळ आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं. घरांची छपरं पाण्यातून वर आलेली, आणि त्यांवर माणसं बसलेली. एक म्हातारी एका छपरावरून कोणालातरी कापड हलवून दाखवत होती. एजंटाचा फोन आला. "मॅडम, विमानतळच पाण्यात आहे. दरवर्षी याच महिन्यात येतात हो तिकडे वादळं, पण यंदा जास्तच." दरवर्षी हा शब्द त्यानं तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण आम्हीच कधी विचारलं नव्हतं, तर त्याला काय बोलणार.

बाईला कळवायचं कसं, या विचारात मी होते. तिला ते कुणाच्यातरी मोबाईलवर आधीच दिसलं होतं. आणि इकडेही वरून पाऊस कोसळत होता. तिचा फोन लागला तेव्हा आवाज तुटत होता.

"नाले भरले," ती म्हणाली. "आलो ना मी बेटावर."

मला हसता आलं नाही. ती मात्र हसली, आणि त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं. मग म्हणाली, "वंदे, ते बुढी पाह्यली का तू? छपरावरची?"

"पाहिली."

"त्याईचंही तसंच हाये."

एवढंच. फोन तुटला. नाले दोनतीन दिवसांनी ओसरले, गावात कोणाला काही झालं नाही, धानही वाचलं. पण बाईचं ते बेटाचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

एजंटानं पुढे माघातल्या तारखा दिल्या. आकाश स्वच्छ, समुद्र शांत, बेट पुन्हा उभं राहिलं आहे, खुर्च्या पुन्हा मांडल्या आहेत. मी गावी जाऊन बाईला सगळं समजावून सांगितलं. लाखोळी मी माणूस लावून काढते, म्हटलं. मोहाच्या आत परत येऊ. लोक खरंच हसतात गं तिथं, माघात जाऊन पाहू. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "माघात आपणही हासतोच ना."

मी मुलांना निबंध शिकवते, मुद्दे कसे खोडावेत हे शिकवते, आणि माझ्या बहिणीच्या या एका वाक्याला माझ्याजवळ उत्तर नाही. तिला फिरायला जायचं नव्हतंच. तिला एवढंच पाहायचं होतं की जगात कुठेतरी पाण्याच्या मधोमध माणूस निर्धास्त राहतो. ते नाही म्हटल्यावर राहिलं काय, नुसती वाळू. तशी वाळू वैनगंगेलाही आहे.

हळहळ माझी मात्र राहून गेली आहे. कधी वाटतं, तिला ती बातमी दिसायलाच नको होती. कधी वाटतं, आम्ही मोहाचा एक हंगाम सोडायला हवा होता. झाड गेलं असतं तर गेलं असतं, माणूस एकदा तरी हसत बेटाला गेला असता. असं वाटतं आणि लगेच कळतं, की मोह सोडून येणारी ती बाई नव्हतीच. दर भादव्यात आता ती मला फोन करते आणि विचारते, "तिकडचं वादय आलं का?" मी मोबाईलवर बघून सांगते. यंदा नाही आलं, असं सांगितलं की "बरं झालं" म्हणते. ज्या लोकांना तिनं एकदा छपरावर पाहिलं, त्यांची खुशाली ती विचारते. माझी विचारत नाही.

तर यंदाचा मोह. भल्या सकाळी आम्ही सगळ्या जणी आरडाओरडा करत जंगलात शिरलो. मोहाला अस्वल येतं आणि वाघाचाही भरवसा नाही, त्यामुळे गप्प राहून चालत नाही. आपापल्या झाडाशी आलो की पांगायचं, पण आवाज देत राहायचं. बाईच्या झाडाखालचा पाचोळा तिनं आठवड्यापूर्वीच जाळून साफ केला होता, फूल दिसावं म्हणून. झाडाभोवती काळ्या राखेचं मोठं गोल खळं, त्याच्या पलीकडे चहूकडे वाळला पाला, आणि राखेवर रात्रभर पडलेली पिवळसर, रसानं फुगलेली फुलं. अजूनही वरून एकेक पडत होतं, टप्प असा आवाज करून. बाईनं डोक्यावर ती गोलबाजारातली टोपी घातली होती. निळी फीत उडून गेली आहे, काठ एका बाजूनं उसवला आहे. उन्हाला बरी पडते, म्हणते.

आम्ही उकिडव्या बसून वेचत होतो. बाईचे गुडघे आता बोलतात, ती मधेमधे जमिनीला हात टेकते. का कोण जाणे, मी म्हणून गेले, "बाई, आत्ता तिकडे समुद्र शांत असेल."

टोपली भरत आली तेव्हा तिनं विचारलं, "तो पोट्टा काय म्हणत होता? बेटाले फेरा माराले कितीक वेळ लागते?"

"नाश्ता करून निघालं तर जेवायच्या आत परत."

"लय झालं," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उठली. मला वाटलं कंबर मोकळी करते आहे. पण ती राखेच्या काठाला गेली, जिथं काळं संपतं आणि पाला सुरू होतो तिथं, आणि काठाकाठानं चालायला लागली. पाला उजव्या हाताला. मी टोपली तिथंच ठेवून उठले आणि तिच्या डाव्या हाताला झाले. आम्ही दोघी चालत राहिलो. पायाखाली राख मऊ होती, आणि पलीकडच्या झाडाखालून कोणीतरी आवाज देत होतं, त्याला बाईनं चालता चालताच ओ दिली. बुंध्याच्या मागून वळून आम्ही पुन्हा टोपलीशी आलो. तेवढ्यात वरून चारदोन फुलं पडलीच.

"झाला फेरा?" मी विचारलं.

"झाला." तिनं टोपी काढून पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे न पाहता खाली बसून वेचायला घेतलं. वेचता वेचता म्हणाली, "या वेळेस तं तू माह्याच काठाले होती."